जनसुनावणी : हजेरीपटाचे जाहीर वाचन

गावात झालेल्या सार्वजनिक कामाची सरकारी कागदपत्रे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून, त्यांतील नोंदी खऱ्या की खोट्या याची शहानिशा त्यांच्याच साक्षीने करण्याच्या पद्धतीला जनसुनावणी म्हणतात. माहितीचा अधिकार आणि सामाजिक अंकेक्षण या दोन्ही कायदेशीर व्यवस्थांच्या जडणघडणीत या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

तिचा उगम मध्य राजस्थानातील मजुरीच्या वादात आहे. दुष्काळी कामांवरील मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत आणि काम कमी भरल्याचे कारण दिले जाई. मोजमापाची नोंद किंवा हजेरीपट दाखवा, अशी मागणी केली की ती सरकारी गुपिते असल्याचे उत्तर मिळे. देवडूंगरी या खेड्यात १९८७ पासून राहणाऱ्या अरुणा रॉय, शंकर सिंह आणि निखिल डे यांनी स्थानिक शेतकरी व मजुरांसह १ मे १९९० रोजी भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना केली. पहिली जनसुनावणी २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे झाली. त्यानंतरच्या काही महिन्यांत भीम, विजयपुरा, जवाजा व ठाणा येथे अशाच सुनावण्या झाल्या.

सुनावणीची रीत साधी असली तरी तिची तयारी कष्टाची असते. हजेरीपट, देयके व पावत्या मिळवून त्यांच्या नकला केल्या जातात. मग घरोघर जाऊन एकेका नावाची खातरजमा होते. सुनावणीच्या दिवशी मांडवात नावे वाचली जातात. त्या काळात परगावी असलेल्या किंवा मरण पावलेल्या व्यक्तीच्या नावावर मजुरी उचललेली आढळली, तर ते सांगण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. वाळूच्या किती गाड्या आल्या, हेही काम केलेल्यालाच नेमके ठाऊक असते. सरपंच व अधिकाऱ्यांना बाजू मांडण्यासाठी बोलावले जाते. शंकर सिंह यांच्या कठपुतळीच्या खेळांमुळे हिशेबाचा रुक्ष विषय अनेकांपर्यंत पोहोचला. नागरिकशास्त्राचे इतके परिणामकारक शिक्षण वर्गात क्वचितच मिळत असेल.

मुख्य अडचण कागद मिळण्याचीच होती. पंचायतींच्या कागदपत्रांच्या नकला मिळतील, असे आश्वासन मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी एप्रिल १९९५ मध्ये विधानसभेत दिले. वर्षभरात आदेश न निघाल्याने ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरण्यात आले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही या आंदोलनाची घोषणा ठरली. राजस्थानचा माहिती अधिकार कायदा २००० मध्ये आला, तर केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. दरम्यान तमिळनाडू व गोवा यांनी १९९७ मध्येच आपापले कायदे केले होते. महाराष्ट्रात २००० चा कायदा तोकडा ठरल्याने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर अधिक व्यापक कायदा लागू झाला.

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने (२००५) कलम १७ अन्वये ग्रामसभेवर सामाजिक अंकेक्षणाची जबाबदारी टाकली. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ही या कायद्याची पूर्वसुरी. अविभाजित आंध्र प्रदेशाने अंकेक्षणासाठी २००९ मध्ये स्वतंत्र संस्था उभारली. २०११ च्या केंद्रीय नियमांनी दर सहा महिन्यांनी अंकेक्षण बंधनकारक केले, आणि तपासणी करणारी व्यक्ती त्याच ग्रामपंचायतीतील नसावी, अशी अटही घातली. रोजगार हमीपलीकडील योजनांसाठी असा कायदा करणारे मेघालय हे पहिले राज्य (२०१७).

मात्र जनसुनावणी आणि अंकेक्षण या दोहोंची मर्यादा एकच आहे. गैरव्यवहार उघड करण्याचे सामर्थ्य लोकांकडे आले. रक्कम वसूल करण्याचा व दोषींवर कारवाई करण्याचा अधिकार प्रशासनाकडेच राहिला. वसुलीचे प्रमाण उघड झालेल्या रकमेच्या तुलनेत अल्प राहिले आहे. तपासणी करणाऱ्या यंत्रणेचा निधीही, जिच्या कामांची तपासणी व्हायची त्याच शासनव्यवस्थेकडून येतो. त्यामुळे साक्ष देणाऱ्या मजुराला सुनावणी संपल्यावर पुढच्या कामासाठी पुन्हा त्याच सरपंचाकडे जावे लागते.