पत्र्याची ट्रंक गॅलरीत येते तेव्हा

शाळेत चित्रकला शिकवायचो तेव्हा मुलांना मुंबईत काळा घोड्याच्या गॅलऱ्यांत घेऊन जात असे. एकदा सोबत आलेले एक पालक एका मांडणशिल्पासमोर, म्हणजे इन्स्टॉलेशनसमोर, उभे राहून म्हणाले, "सर, असलं सामान आमच्या माळ्यावरही पडलंय." खरंच होतं ते. मग माळ्यावरचं सामान गॅलरीत आलं कसं? मुंबईपुरतं याचं उत्तर इतिहासात सापडतं.

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू आणि खोरशेद गांधी यांची गॅलरी केमोल्ड सुरू झाली. चित्र म्हणजे चौकट, बाजूला नाव, विकलं गेलं की लाल ठिपका, हा तेव्हाचा रिवाज. १९९२ मध्ये चित्रकार नलिनी मलानी यांनी 'सिटी ऑफ डिझायर्स' या कामात केमोल्डच्या भिंतींवरच चित्रं काढली. प्रदर्शन संपल्यावर भिंती पुन्हा रंगवल्या, चित्रं पुसली गेली. लाल ठिपका लावायचा कशाला?

त्याच वर्षी डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगली उसळल्या. रस्त्यावर मरून पडलेल्या एका माणसाचा होशी जाल यांनी काढलेला फोटो 'टाइम्स ऑफ इंडिया'त छापून आला. चित्रकार विवान सुंदरम यांनी त्या फोटोभोवती 'मेमोरियल' रचलं आणि १९९३ मध्ये दिल्लीत मांडलं. त्यात फोटोवर खिळे ठोकले होते, आणि एक प्रवेशद्वार चक्क पत्र्याच्या ट्रंका रचून केलेलं होतं.

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. त्याला प्रतिसाद म्हणून पुढच्याच वर्षी मलानींनी मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' मांडलं. उर्दू लेखक मंटोची फाळणीवरची 'टोबा टेक सिंग' ही कथा त्याच्या मुळाशी होती. इथेही पत्र्याच्या ट्रंका, पण उघड्या, आत टीव्हीचे पडदे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका एकाच साडीची घडी घालू पाहतात. मध्ये अख्खी खोली. मलानींचा स्वतःचा जन्म फाळणीच्या आदल्या वर्षीचा, १९४६चा, कराचीतला.

वस्तू तीच, काम मात्र वेगळं. सुंदरम यांच्याकडे ट्रंका एकमेकींवर चढून वेस होतात. बादशहांच्या संगमरवरी वेशींचा मान गरिबाच्या सामानाला मिळतो. मलानींकडे ट्रंक जमिनीवरच राहते, घर सोडून निघालेल्या माणसाची. पहिलीतून आपण दुसऱ्याच्या मरणाकडे जातो, दुसरीत वाकून बघावं लागतं.

म्हणून मुलांना मी 'अर्थ काय?' असं आधी विचारत नसे. ही वस्तू एरवी कुणाच्या घरात असते? इथे ती कशी ठेवली आहे? काम कोणत्या साली झालं, आणि त्या साली बाहेर काय चाललं होतं? हेच सपाट चित्रात सांगितलं असतं तर काय हरवलं असतं? शेवटच्या प्रश्नाला 'काहीच नाही' असं उत्तर आलं, तर ते मांडणशिल्प फसलं असं खुशाल म्हणावं. अशी फसलेली कामंही पुष्कळ असतात. दिव्यांचा लखलखाट आणि भिंतीवरचा लांबलचक मजकूर यांच्या आधारावर ती उभी असतात.

तेव्हा कळलं नाही म्हणून लगेच बाहेर पडू नका, आणि नाव मोठं आहे म्हणून मानही डोलावू नका. भिंतीवरचा मजकूर शेवटी वाचा. आधी वस्तूभोवती एक फेरी मारा.