लिनक्सवरचे खेळ आणि दिलेला शब्द

संगणकावरचे खेळ हा विषय कुणाला पोरखेळाचा वाटेल. पण खेळ हा आज जगातला एक मोठा धंदा झाला आहे, आणि धंद्याच्या हिशेबात कुणाला धरायचं आणि कुणाला वगळायचं, हा प्रश्न काही पोरखेळाचा नाही. खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांना स्टुडिओ म्हणतात. या स्टुडिओंनी आपले खेळ लिनक्ससाठीही काढावेत की नाहीत, हा वाद गेली पंचवीस-तीस वर्षं चालू आहे. दोन्हीकडून बोलणारे पुष्कळ आहेत. पण आजवर काय काय घडलं हे पाहिल्याशिवाय निवाडा करणं बरं नव्हे. म्हणून आधी इतिहास पाहू.

लिनक्स म्हणजे काय? संगणक सुरू केल्यावर त्याचा सगळा कारभार पाहणारी एक मूळ व्यवस्था असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेक घरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. ती विकत घ्यावी लागते आणि तिच्या आत काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. लिनक्सची गोष्ट निराळी. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हे काम जाहीर केलं. पुढच्याच वर्षी त्याने ते अशा परवान्याखाली आणलं, की कुणीही ते घ्यावं, वाचावं, बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं; फक्त बदललेलं वाटताना घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यावेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली सुरू केलेल्या ग्नू या चळवळीची अवजारं त्याला मिळाली, आणि गावकीच्या विहिरीसारखी ही व्यवस्था सर्वांची झाली.

आता विंडोजसाठी केलेला खेळ लिनक्सवर का चालत नाही? जुन्या मंडळींना कुर्डुवाडीला गाडी बदलल्याचं आठवत असेल. मोठ्या रुळांची गाडी तिथवर यायची. पुढे बार्शी लाइटचे अरुंद रूळ. माल तोच, माणसं तीच, पण सगळं उतरवून दुसऱ्या डब्यात भरावं लागे. खेळांचंही असंच आहे. पडद्यावर चित्र काढणं, आवाज काढणं, कळ दाबल्याचं ओळखणं, या कामांसाठी खेळ ऑपरेटिंग सिस्टिमला हाका मारत असतो. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने या कामांसाठी डायरेक्टएक्स नावाचा संच काढला. तो सोयीचा होता, म्हणून स्टुडिओंनी तो उचलला. पण तो फक्त विंडोजचा. तेव्हापासून रुळांची रुंदी वेगळी झाली, ती झालीच.

तरीसुद्धा लिनक्सवर खेळ फार लवकर आले. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या स्टुडिओने १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' नावाचा खेळ काढला आणि तो सर्वत्र गाजला. त्याच स्टुडिओतल्या डेव्ह टेलर यांनी १९९४ साली तो लिनक्सवर आणला. यातून विक्री किती झाली हा प्रश्नच नव्हता. करणाऱ्याला हौस होती. पण या हौसेचं एक फळ पुढे मिळालं. १९९७ च्या अखेरीस इडने 'डूम'चा सोर्स कोड, म्हणजे खेळाची मूळ लिहिलेली आज्ञावली, सर्वांना खुली केली. डॉस या जुन्या व्यवस्थेवरच्या आवृत्तीत आवाजाचा भाग दुसऱ्या कंपनीचा होता, तो देता येत नव्हता. म्हणून दिला गेला तो लिनक्स आवृत्तीचा कोड. आज 'डूम' नाना तऱ्हेच्या यंत्रांवर चालतो, त्याच्या मुळाशी कुणी हौसेने केलेली ही लिनक्स आवृत्ती आहे.

हौसेनंतर धंद्याची पाळी आली. १९९८ साली कॅलिफोर्नियात स्कॉट ड्रेकर यांनी लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. दुसऱ्यांचे गाजलेले खेळ हक्क घेऊन लिनक्सवर आणायचे आणि डब्यात घालून विकायचे, हा तिचा धंदा. १९९९ साली 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर' हा तिचा पहिला खेळ बाजारात आला. काम चोख होतं, लिनक्सवाले खूश होते. मग घोडं कुठे अडलं? खेळ विंडोजवर आधी येई आणि लिनक्सवर मागाहून. तोवर ज्याला खेळायचं त्याने विंडोजचा डबा घेतलेला असे. 'क्वेक थ्री अरीना'चा लिनक्सचा देखणा पत्र्याचा डबा लोकीने काढला. पण विंडोजचा डबा आणून लिनक्सवर चालणारा भाग फुकट उतरवून घेता येत होता, आणि पुष्कळांनी तेच केलं. २००१ च्या ऑगस्टमध्ये लोकीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००२ च्या जानेवारीत कंपनी बंद पडली.

कंपनी गेली, तिचं एक काम मात्र उरलं. लोकीतले प्रमुख प्रोग्रॅमर सॅम लँटिंगा यांनी एसडीएल नावाचा एक संच उभा केला होता. चित्र, आवाज, कळा यांच्या हाका कोणत्याही व्यवस्थेवर एकाच पद्धतीने मारता याव्यात, हा त्याचा उद्देश. तो सर्वांना खुला होता, म्हणून कंपनीबरोबर बुडाला नाही. आजही असंख्य खेळांत तो वापरला जातो. पण ज्यांनी लोकीचे डबे पैसे मोजून घेतले, त्यांचं काय झालं? पुढच्या काही वर्षांत लिनक्स बदललं आणि ते खेळ नव्या व्यवस्थेवर सरळ चालेनासे झाले. दुरुस्त करणारी कंपनी उरली नव्हती. आवृत्ती काढणं हे बी पेरण्यासारखं आहे; निंदणी-खुरपणी कोण करणार, हा प्रश्न पेरल्यानंतरच सुरू होतो.

या काळात दुसऱ्या एका वाटेनेही काम चाललं होतं. १९९३ साली काही मंडळींनी वाइन नावाचा प्रकल्प सुरू केला. विंडोजला मारलेली हाक मधल्यामधे घ्यायची आणि लिनक्सला कळेल अशी करून पुढे द्यायची, हे वाइनचं काम. म्हणजे माल न उतरवता डब्याखाली दुसऱ्या मापाची चाकं बसवायची! काम अतिशय किचकट. पहिली पक्की आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं. पंधरा वर्षं गेली. पुष्कळांनी हसून सोडून दिलं होतं. करणाऱ्यांनी सोडलं नाही.

२०१० च्या मे महिन्यात एक नवल घडलं. काही छोट्या स्टुडिओंनी आपले खेळ एकत्र बांधून 'हम्बल इंडी बंडल' या नावाने विक्रीला ठेवले: वाटेल ती किंमत द्या आणि खेळ विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर खेळा. लिनक्सवाले सगळं फुकट मागतात असा समज होता. प्रत्यक्षात सरासरीने सर्वांत जास्त किंमत त्यांनीच मोजली. गिऱ्हाइकं थोडी होती, पण ती पैसे द्यायला तयार होती.

मग एक मोठी कंपनी मैदानात उतरली. खेळांचं स्टीम नावाचं दुकान चालवणारी व्हॉल्व्ह ही ती कंपनी. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ बरोबर स्वतःचं दुकान आणलं. रस्ता ज्याच्या मालकीचा त्यानेच पेठ मांडली, तर इतर दुकानदारांनी काय करायचं? व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी विंडोज ८ वर उघड टीका केली आणि १४ फेब्रुवारी २०१३ रोजी स्टीम लिनक्सवर आणलं. हे काही धर्मादाय नव्हे. स्वतःसाठी दुसरा रस्ता राखणं होतं. पण त्याचा फायदा सर्वांना झाला. पुढच्या चार-पाच वर्षांत शेकड्यांनी लिनक्स आवृत्त्या निघाल्या. २०१५ च्या नोव्हेंबरात स्टीम मशीन ही यंत्रं बाजारात आली. ती मात्र चालली नाहीत, आणि स्टुडिओंचा उत्साह ओसरला.

ओसरला की काय होतं, याचं उदाहरण 'रॉकेट लीग'. मोटारींनी चेंडू खेळण्याचा हा खेळ २०१६ साली लिनक्सवर आला. २०२० च्या जानेवारीत त्याच्या स्टुडिओने जाहीर केलं, की मार्चपासून मॅक आणि लिनक्स आवृत्ती बंद. कारण दिलं ते असं: या दोन्हींवरचे खेळाडू मिळून ०.३ टक्क्यांहून कमी, आणि खेळ डायरेक्टएक्सच्या नव्या पिढीवर न्यायचा आहे. पैसे परत देण्याची सोय केली, हे मान्य करायला हवं. पण तीन-चार वर्षं त्या खेळात रमलेल्या माणसाला दुसऱ्या खेळाडूंबरोबर खेळणं एका तारखेपासून बंद झालं, त्याची भरपाई पैशांनी होते का?

स्टुडिओंची बाजूही ऐकली पाहिजे. लिनक्सचे प्रकार अनेक. एकावर चाललं ते दुसऱ्यावर अडतं. थोड्या गिऱ्हाइकांसाठी तक्रारी फार येतात, असं ते म्हणतात. तक्रारी जास्त येतात, हे खरं आहे. पण त्या कसल्या असतात? २०२१ साली पोलंडमधल्या एका छोट्या स्टुडिओने आपल्या 'डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न' या खेळाचा हिशेब मांडला. सुमारे १२,००० प्रती विकल्या गेल्या, त्यांतल्या ७०० लिनक्सवाल्यांनी घेतल्या. म्हणजे शेकडा सहासुद्धा नाहीत. दोषांच्या नोंदी आल्या १,०४०, आणि त्यांतल्या सुमारे ४०० लिनक्सवाल्यांच्या. कुणीही म्हणेल, ही डोकेदुखी कशाला? पण त्या ४०० पैकी खास लिनक्समुळे उद्भवलेले दोष फक्त ३ होते. बाकीचे दोष सर्वांनाच होते. लिनक्सवाल्यांनी ते नीट पाहून, कुठे आणि कसं अडलं ते लिहून कळवले होते. शिक्षक मंडळींना हे लगेच पटेल. वर्गात जो मुलगा सारखे प्रश्न विचारतो तो ढ नसतो. पुष्कळदा सगळ्या वर्गाचं अडलेलं तोच बोलून दाखवतो.

दरम्यान, हसण्यावारी नेलेली ती वाइनची वाट फळाला आली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने वाइनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं. विंडोजचा खेळ स्टीममधून सरळ लिनक्सवर चालू लागला; स्टुडिओने वेगळी आवृत्ती काढण्याची गरज उरली नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आलं. त्यात लिनक्सच आहे. स्टीमच्या दरमहा पाहणीत लिनक्सचा वाटा कैक वर्षं एका टक्क्याच्या आत होता. २०२५ च्या ऑक्टोबरात तो तीन टक्क्यांवर गेला. आणि मौज अशी, की लिनक्ससाठी खास काढलेले काही जुने खेळ आज लिनक्सवर अडतात, तर त्यांच्याच विंडोज आवृत्त्या प्रोटॉनमधून सुरळीत चालतात. कारण उघड आहे. स्वतंत्र आवृत्तीची निगा एकट्या स्टुडिओवर असते. प्रोटॉनची निगा रोज ठेवली जाते.

मग प्रश्न मिटला का? पुरता नाही. एक तर, एका कंपनीचं जोखड काढून दुसरीच्या दारात उभं राहिल्यासारखं हे नाही का, असं कुणी विचारील. शंका रास्त आहे. पण प्रोटॉनचा कोड खुला आहे. व्हॉल्व्हने उद्या हात काढून घेतला, तरी 'डूम'सारखं आणि एसडीएलसारखं ते काम दुसऱ्यांना पुढे नेता येईल. दुसरी अडचण अधिक बिकट आहे. अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांत लबाडी पकडणारा एक पहारेकरी बसवलेला असतो. असे दोन प्रमुख पहारेकरी प्रोटॉनमध्ये चालतील, असं त्यांच्या कंपन्यांनी २०२१ च्या सप्टेंबरात जाहीर केलं. पण ती सोय सुरू करणं स्टुडिओच्या हाती ठेवलं. काहींनी ती सुरू केली. काहींनी केली नाही. 'एपेक्स लेजंड्स' या खेळाने तर लिनक्सवर उघडलेलं दार २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस पुन्हा लावून घेतलं. लबाडी करणारे लिनक्सच्या आडोशाने येतात, असं कारण दिलं. लबाडांना रोखलं पाहिजे, यात वाद नाही. पण चार चोरांसाठी अख्ख्या वाडीचा रस्ता बंद करणं हा न्याय नव्हे.

आपल्याला याचं काय? केरळातल्या सरकारी शाळांतून मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. लहान मुलांचा जीकॉम्प्री हा शैक्षणिक खेळांचा संच २००० साली फ्रान्समध्ये सुरू झाला, तो लिनक्सवरच वाढला. जुना, कमी ताकदीचा संगणकही हलक्या लिनक्सवर बरीच वर्षं काम देतो, हे ज्या शाळेत चार जुने संगणक आहेत तिथल्या गुरुजींना सांगायला नको. मुलाला खेळ आवडतो आणि खेळासाठी ते यंत्राशी दोस्ती करतं. त्याचं यंत्र मोजणीत धरायचं की नाही, हे ठरवणारे लोक दूर कुठे तरी बसलेले असतात.

तेव्हा निवाडा कसा करावा? माझ्या मते प्रत्येक स्टुडिओने लिनक्सची वेगळी आवृत्ती काढलीच पाहिजे, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ज्याला ती वर्षानुवर्षं सांभाळता येईल त्याने जरूर काढावी; ज्याला येणार नाही त्याने काढून टाकून देऊ नये. पण त्याने आपला खेळ प्रोटॉनवर चालवून पाहावा, अडेल ते दुरुस्त करावं. ज्याच्या हातात दाराची किल्ली आहे त्याने ते दार मुद्दाम लावू नये. आणि खेळाची देखभाल सोडायची वेळ आली, तर इडने केलं तसं शक्य तेवढं सर्वांच्या हवाली करून जावं. गिऱ्हाईक शेकडा तीन असो की अर्धा, त्याने पैसे मोजले त्या दिवशी आपण त्याला शब्द दिला आहे. तो पाळायचा, एवढंच स्टुडिओकडे मागणं आहे.