रंग सोडणारा कागद

2025 मध्ये मोहरमचा दहावा दिवस जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. त्या दिवसांत कोल्हापुरात आभाळ कसं असतं, ते सांगायला नको. मी पुण्याहून रजा टाकून आलो होतो. आज्जा सोप्यात बसून पतंगाच्या कागदाची फुलं करत होता आणि मधूनमधून पावसाला शिव्या घालत होता. आमच्या घरात गणपती बसतो, आणि गल्लीतल्या ताबुताची फुलंही आमच्याच घरातून जातात.

रीत साधी आहे. कागदाचे सात-आठ तुकडे एकावर एक ठेवायचे, पंख्यासारख्या चुण्या घालायच्या, मध्ये दोरा आवळायचा, दोन्ही टोकं कात्रीनं गोल करायची. मग एकेक पदर अलगद वर उचलायचा. माझी निम्मी फुलं इथंच फाटतात. कागदाला ओलं बोट लागलं तरी तो रंग सोडतो.

"मग कापडाची करूया की," मी म्हटलं.

"खांद्यावर कोण घेणार? तू?"

ताबूत म्हणजे बांबूचा सांगाडा. तो माणसांनी उचलायचा, म्हणून वर चढणारी प्रत्येक गोष्ट हलकी हवी. शिवाय पातळ कागदातून उजेड आरपार जातो. 1832 साली लंडनमध्ये छापलेल्या 'कानून-ए-इस्लाम'मध्ये जाफर शरीफ यांनी दक्षिणेतल्या ताबुतांची माहिती दिली आहे. त्यातही बांबू आहे, जाळीसारखा कातरलेला कागद आहे, अभ्रक आहे. जवळजवळ दोनशे वर्षं टिकलेलं डिझाइन! आमच्या कंपनीत दोन वर्षं टिकलं तरी केक कापतात.

त्या काळी मराठी मुलखात मोहरम सगळ्यांचाच होता. हिंदूही ताबूत बसवत, मिरवणुकीत नाचत. ऑगस्ट 1893 मध्ये मुंबईत दंगल झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात चित्र पालटलं. हिंदूंनी मोहरमपासून लांब राहावं असा प्रचार झाला, सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला. गंमत अशी, की गणपतीपुढं गाणाऱ्या मेळ्यांचा घाट मोहरमच्या टोळ्यांवरूनच घेतलेला होता. उत्सव वेगळे झाले, पण सजवायची हौस तीच राहिली. कागद कातरणारे हातही तेच राहिले असणार, असं मला वाटतं.

त्याच 1894 मध्ये, 2 एप्रिलला, शाहू महाराजांनी कोल्हापूरचा कारभार हाती घेतला. पुढं 1906 मध्ये त्यांनी इथं मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. एवढ्यावरून सगळं श्रेय एका राजाला देण्याइतका इतिहास सोपा नसतो. पण आमच्याकडं फाटाफूट पुण्यासारखी झाली नाही, हे खरं. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर आजही गणपती कोरलेला दिसतो. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात उंचच उंच ताबूत आधी कळस आणि मग खालचे मजले अशा क्रमानं बांधतात, आणि त्यांतल्या काहींचा मान हिंदूंकडं आहे.

2018, 2019 आणि 2020 अशी सलग तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले. पहिल्या दोन वर्षी आज्जाच्या पाटावर फुलांचे दोन ढीग असायचे. तिसऱ्या वर्षी कोरोना, मिरवणुका बंद. तरी त्यानं दोन्हीकडची पाच-पाच फुलं केलीच.

यंदा गल्लीतल्या पोरांनी प्लॅस्टिकची फुलं आणायचं काढलं. पावसात भिजत नाहीत, पुढच्या वर्षी परत वापरता येतात. मला ते पटत होतं, आणि मी तसं बोललोही. आज्जा गप्प राहिला. रात्री जेवताना म्हणाला, "मोहरम दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतोय न्हवं? तुझ्या त्या फोनवर बघ, पावसातनं कधी सुटतोय."

बघितलं. 2026 ला जूनचा शेवट, 2027 ला जूनचा मध्य, 2028 ला जूनची सुरुवात. 2029 ला मे.

"मग तीन वर्षांचाच प्रश्न हाय की," तो म्हणाला. "तवर वरनं मेणकापड टाकू."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक डझन गुलाबी कागद आणायला पाठवलं.