कारक कौशल्यमापन, मेंदूच्या पक्षाघाताने बाधित बालकांचे

मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे, रांगणे, चालणे, वस्तू पकडणे इ. हालचालींवर बालकाचे कितपत नियंत्रण आहे, हे ठरावीक कसोट्यांनी तपासून नोंदविण्याची पद्धती. मेंदूचा पक्षाघात वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे उद्‌भवतो. मूळ इजा वाढत नाही. तथापि तिचे परिणाम वयानुसार बदलतात. त्यामुळे एकदाच केलेले मापन पुरेसे ठरत नाही.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये अवघड प्रसूती व अवयवांचा ताठरपणा यांचा संबंध मांडला. अवघड प्रसूती हेच कित्येकदा आधीच्या विकृतीचे लक्षण असावे, असे मत सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये व्यक्त केले. हा वाद कारणांविषयी होता. मूल काय करू शकते याची पद्धतशीर मोजदाद पुढे विसाव्या शतकात, मुख्यतः बालमानसशास्त्रज्ञांनी सुरू केली. भारतात बडोदा येथे प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन कसोट्यांवरून भारतीय बालकांची प्रमाणके तयार केली. त्यांवर आधारलेल्या व १९९७ मध्ये सुधारलेल्या श्रेणीत तीस महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी ६७ कारक व १६३ मानसिक कसोट्या आहेत.

अशा श्रेणीवरून मूल समवयस्कांच्या किती मागे आहे ते कळते; परंतु वर्षभराच्या व्यायामोपचाराने मान धरू लागलेले मूलही पुन्हा ‘मागे’च दिसते. शिवाय मानसिक कसोट्याही हाताने ठोकळे रचून वा बोलून सोडवाव्या लागत असल्याने हाताचे अपंगत्व बुद्धीच्या खाती जमा होते. १९६६ मध्ये जन्मलेल्या मालिनी चिब यांच्याबाबत हेच घडले. इंग्लंडमधील तपासणीत त्यांची बुद्धी शाबूत असल्याचे दिसून आले. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली.

पहिली उणीव दूर करणारे स्थूल कारक कार्यमापन १९८९ मध्ये कॅनडात प्रसिद्ध झाले. त्यात पडून राहणे व वळणे, बसणे, रांगणे व गुडघ्यांवर उभे राहणे, उभे राहणे आणि चालणे-धावणे-उडी मारणे या पाच विभागांत ८८ कृती असून प्रत्येकीस शून्य ते तीन गुण देतात. येथे मुलाची तुलना मुख्यतः त्याच्याच पूर्वीच्या गुणांशी होते. १९९७ मध्ये याला पाच स्तरांच्या वर्गीकरणाची जोड मिळाली. पहिल्या स्तरातील मूल आधाराविना चालते. पाचव्यातील मुलास मान व धड सावरणेही कठीण जाते. दोन वर्षांखालील बालकाचा स्तर पुढे बदलण्याचा संभव अधिक असल्याने त्यावरून भविष्य वर्तवू नये.

रेणापूरसारख्या तालुक्यात पहिली पारख बहुधा आजीची असते. ‘याचा बापही उशिराच चालला’ या दिलाशात मोलाचे महिने निघून जातात. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा तपासण्याची योजना आहे. संशयित बालकास पुढील तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले जाते. लातूरजवळ हरंगुळ येथे अशा मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र आहे. मापनाची साधने मात्र साधीच असतात : सतरंजी, बाक, चेंडू, पायऱ्या आणि मुलाची मर्जी सांभाळण्याइतका वेळ.