आंकडा आणि माप

आजच्या रेडिओ-यंत्राचें झांकण उघडलें, कीं आंत एक पातळ, बहुधा हिरवा, फलक दिसतो. त्यावर तांब्याच्या बारीक रेघांचें जाळें असतें. ज्या कामासाठीं पूर्वीं कितीतरी तारा हातानें जोडाव्या लागत, तें काम या रेघा करतात. अशा मुद्रित फलकाची कल्पना व्हिएन्नांत जन्मलेल्या पॉल आयस्लर यानें लंडनमध्यें विकसित केली व १९४३ सालीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज केला. परंतु फलक कारखान्यांत घडवावयाचा, तर त्याची आकृति अचूक मापानें तेथवर पोंचली पाहिजे. ती पोंचविण्याची रीत ज्याच्या नांवानें ओळखली जाते, तोही व्हिएन्नाचाच एक निर्वासित होता.

जोसेफ गर्बर याचा जन्म १९२४ चा. १९३८ सालीं नाझींनीं ऑस्ट्रिया गिळंकृत केला. पुढें ज्यूंच्या संहारांत गर्बरचे वडील बळी पडले. तो व त्याची आई १९४० सालीं अमेरिकेस पोंचलीं. हार्टफर्ड येथें काम करीत त्यानें शाळा पुरी केली आणि नंतर ट्रॉय येथील रेन्सलर पॉलिटेक्निकमध्यें विमानविद्येचा अभ्यास केला. तेथें आलेखांवरून आंकडे वाचतांना एक अडचण नेहमीं येई. प्रत्येक आलेखाचें प्रमाण निराळें. म्हणून मोजलेल्या प्रत्येक अंतराचें पुन्हां गणित करावें लागे. त्यानें पायजम्यांतील लवचिक पट्टी काढून तिच्यावर सारख्या अंतरांनीं खुणा केल्या. पट्टी ताणली कीं सर्व अंतरें सारख्याच पटीनें वाढत, आणि आलेख थेट वाचतां येई. या युक्तींतून स्प्रिंगची मोजपट्टी निघाली व तिच्याच बळावर १९४८ सालीं त्याची कंपनी उभी राहिली.

१९६० नंतरच्या दशकांत या कंपनीनें प्रकाशानें रेखाटणारें यंत्र बनविलें. त्यांतील चक्रावर निरनिराळ्या आकारांचीं छिद्रें असत. आज्ञेप्रमाणें एक छिद्र दिव्यासमोर येई आणि प्रकाशाचा ठिपका फिल्मवर रेघ ओढी. आज्ञा अगदीं थोडक्यांत असत: अमुक छिद्र घ्या, अमुक भुज व कोटि असलेल्या बिंदूवर जा, प्रकाश पाडीत जा किंवा न पाडतां जा. या आज्ञांची यादी म्हणजेच 'गर्बर फाइल'.

जागा वांचावी म्हणून या यादींत दशांशचिन्ह नसे, आणि निरुपयोगी शून्यें गाळलीं जात. समजा, यादींत १२५ हा आंकडा आहे. संकेत असा, कीं दोन अंक पूर्णांकाचे व चार दशांशाचे. आरंभींचीं शून्यें गाळलेलीं असतील, तर मूळ आंकडा ०००१२५, म्हणजे ०.०१२५ इंच. अखेरचीं गाळलेलीं असतील, तर १२५०००, म्हणजे १२.५ इंच. एकाच आंकड्याचे दोन अर्थ, आणि दोहोंत हजारपट अंतर! इंच कीं मिलिमीटर, हा घोळ झाला तर फरक २५.४ पटींचा. हे संकेत व छिद्रांचीं मापें स्वतंत्र कागदावर लिहून पाठवावीं लागत. तो कागद हरवला, तर फाइल हातीं असूनही फलक घडवितां येत नसे.

फलकाची लांबी काढण्यासही हाच विवेक लागतो. ती फाइलींत बहुधा लिहिलेली नसते. बाह्यरेषेच्या सर्वांत मोठ्या भुजांतून सर्वांत लहान भुज वजा करावयाचा: ११० मधून १० गेले, कीं १०० मिलिमीटर. पण ती रेघ ०.२ मिलिमीटर जाड असेल, तर चित्र मोजणारास १००.२ मिलिमीटर दिसतील. फलकाची खरी कड म्हणजे रेघेचा मध्य होय. हें न ओळखणाराचा फलक पेटींत अडकून बसतो.

१९९४ सालीं अमेरिकेनें गर्बरला तंत्रविद्येचें राष्ट्रीय पदक दिलें; १९९६ सालीं तो वारला. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या विस्तारित रूपांत परिमाण, दशांशाचा संकेत व छिद्रांचीं मापें हीं सर्व फाइलींतच समाविष्ट झालीं, आणि २०१४ सालीं जुनें रूप रीतसर रद्द करण्यांत आलें. प्रमाण कळल्यावांचून आंकडा वाचतां येत नाहीं, ही विद्यार्थी गर्बरची अडचण होती. ती त्याच्या नांवाच्या फाइलींतून दूर व्हावयास जवळजवळ अर्धें शतक लागलें.