लुंबिनी यात्रा : नेपाळमध्ये भाड्याच्या गाडीचे कागद कसे तपासावेत?

सोनौलीची सीमा ओलांडली की भैरहवा येथे लुंबिनी, तिलौराकोटसाठी भाड्याच्या गाड्या मिळतात. भाडे ठरवण्याआधी आपण कागद पाहावेत. नेपाळी भाषाही देवनागरीत लिहितात, त्यामुळे ते आपल्याला वाचता येतात.

नंबरप्लेट : खासगी गाडीची पाटी लाल, सार्वजनिक वाहतुकीची काळी, पर्यटक वाहनाची हिरवी असते. लाल पाटीची गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. ती भाड्याने चालवणे कायद्यात बसत नाही. अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडू शकते आणि परक्या देशात जखमींचा खर्च आपल्यावर येतो.

ब्लूबुक : हे तिथले आरसी बुक. त्यातला क्रमांक पाटीशी जुळवावा, नूतनीकरणाची मुदत पाहावी.

तारीख : ती विक्रम संवतात असते. तिथले वर्ष एप्रिलच्या मध्यात, वैशाखात सुरू होते. आपला पहिला महिना चैत्र तिथे शेवटचा. म्हणजे २०८२ चा वैशाख एप्रिल-मे २०२५ मध्ये, तर २०८२ चा चैत्र मार्च-एप्रिल २०२६ मध्ये येतो.

विमा : 'तेस्रो पक्ष बिमा' म्हणजे थर्ड पार्टी विमा. तो चालू हवा. चालकाचे लायसन्सही पाहावे.

भारतातून नेलेली गाडी : गोरखपूरहून गाडी केली असेल तर सीमेवरची भन्सार, म्हणजे जकातीची पावती मागावी. ती मोजक्या दिवसांची असते; मुक्काम वाढला तर दंड भरावा लागतो.

सर्व कागदांचे फोटो काढून गटातील दोघांकडे तरी ठेवावेत. चालक कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर आपण दुसरी गाडी पाहावी.