प्लॅटिनमाला पर्याय शोधताना

येलहंक्याहून बेंगळुरूकडे जाताना जक्कूर लागते. आपल्या मंडळींना ते गाव बहुधा विमानोड्डाणाच्या शिक्षणामुळे ठाऊक असते. परंतु १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रही तेथेच आहे, आणि स्वच्छ इंधनाच्या एका जुन्या अडचणीशी तेथे झुंज चालू आहे.

ही अडचण मुळात पैशाची. १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह या वेल्श शास्त्रज्ञाने प्लॅटिनमाच्या पट्ट्यांवर हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग घडवून वीज मिळवली. मागे उरले ते केवळ पाणी. धूर नाही, काजळी नाही. मात्र स्वतः न संपता क्रियेला वेग देणारा प्लॅटिनमासारखा उत्प्रेरक नसेल, तर ती क्रिया रेंगाळते. स्पॅनिश लोकांनी ज्याला ‘लहान चांदी’ म्हणून हिणवले, तोच हा धातू! पाण्यातून हायड्रोजन काढतानाही हाच पेच पडतो. क्षारीय द्रावणात निकेलवर भागते. आम्लीय घटात आजही प्लॅटिनम व इरिडियम लागतात.

२०१३ साली जक्कूरला प्रा. सी. एन. आर. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम सल्फाइडाच्या एकेरी थराच्या साहाय्याने, प्रकाशात, पाण्यातून हायड्रोजन मुक्त करून दाखवला. हा पदार्थ एरवी वंगणाचा, प्लॅटिनमापुढे अगदी मातीमोल. त्या प्रयोगात रंगद्रव्याची मदत घ्यावी लागली आणि इलेक्ट्रॉन पुरवणारा आणखी एक पदार्थ खर्ची पडला, हेही आम्ही नमूद करतो. असे तपशील गौरवाच्या भरात गळून जातात.

जगभरच्या प्रयोगशाळांनी धरलेली दुसरी वाट तंतूंची आहे. अँटोन फॉर्महाल्स यांना १९३४ साली तिचे अमेरिकन पेटंट मिळाले, तेव्हा डोळ्यांपुढे होते कृत्रिम सूत. सुईच्या टोकाशी असलेल्या पॉलिमरच्या द्रावणाला उच्च दाबाची वीज दिली, की जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखे तंतू सुटतात. द्रावणात निकेल वा कोबाल्टचे क्षार मिसळून ते तंतू प्राणवायूविरहित भट्टीत भाजले, म्हणजे कार्बनचे धागे उरतात आणि धातूचे सूक्ष्म कण त्यांत विखरून बसतात. केसाच्या शंभराव्या हिश्शाहून बारीक अशा या जाळीत चिमूटभर धातूलाही पुष्कळ पृष्ठभाग लाभतो. वीज वाहण्याचे काम कार्बन करतो.

स्वस्ताई येथवर साधली. परंतु आम्लात निकेल-कोबाल्टचे कण विरघळू लागतात, आणि घट तर हजारो तास चालावा लागतो. प्लॅटिनमाचे मोल अजून मोजले जाते ते यासाठी.